म्युनिकहून न्युरेंबर्गचा नाताळ बाजार: आई-बाबांसोबत एका दिवसाची सहल

डिसेंबरात म्युनिकला मुलाकडे किंवा मुलीकडे आलेल्या आई-बाबांना नाताळचा एकच बाजार दाखवायचा असेल, तर तो न्युरेंबर्गचा दाखवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. म्युनिकच्या मारिएनप्लाट्झवरचा बाजार घराजवळचा असल्यामुळे तो कोणत्याही संध्याकाळी तासाभरात पाहून होतो. न्युरेंबर्गला मात्र तटबंदीच्या आतले जुने शहर, त्याच्या मधोमध देवळाच्या प्रांगणासारखा पसरलेला मोठा चौक आणि त्या चौकात महिनाभरासाठी उभे राहणारे लाकूड-कापडाचे छोटे गाव असे सगळे एकत्र पाहायला मिळते. शिवाय सकाळी निघून रात्री जेवायला घरी परतता येईल, इतके ते जवळ आहे.

आमची पहिली फेरी फसली होती. आम्ही शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास चौकात पोचलो आणि गर्दीत असे अडकलो, की पाच फूट उंचीच्या माझ्या आईला दीड तास पुढच्या माणसांच्या कोटांपलीकडे काहीही दिसले नाही. बाबांच्या पायांत पुण्याहून आणलेले चालण्याचे बूट होते. त्यांची बोटे बधिर झाली, तरी आमचा विरस होऊ नये म्हणून ते गाडीत बसेपर्यंत एक शब्दही बोलले नाहीत. त्यानंतरच्या प्रत्येक फेरीत मी दिवसाची आखणी दोन गोष्टींभोवती केली. डिसेंबरात तिथे दुपारी सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो, ही एक. आणि चालताना वाजते त्यापेक्षा कितीतरी जास्त थंडी एका जागी उभे राहिल्यावर वाजते, ही दुसरी. दुपारी बारापूर्वी पोचायचे, उजेडात बाजार नीट पाहून घ्यायचा, मधले दोन तास छपराखाली उबेत काढायचे आणि दिवेलागणीला पुन्हा चौकात यायचे, या क्रमाने गेल्यास साठी-सत्तरीतल्या माणसांनाही हा दिवस झेपतो.

बाजाराची थोडी ओळख

या बाजाराचे जर्मन नाव क्रिस्टकिंडलेसमार्क्ट, म्हणजे बाळ येशूचा बाजार. त्याच्या अस्तित्वाचा सर्वांत जुना लेखी पुरावा १६२८ सालचा आहे आणि तो एका रंगवलेल्या लाकडी डबीवर आहे. एका तरुणीने दुसरीला ही डबी ‘किंडलेस-मार्क्ट’हून पाठवल्याचे त्या डबीवर लिहिलेले असून, ती आज शहरातल्या जर्मानिशेस नात्सिओनालम्युझियम या संग्रहालयाच्या संग्रहात आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत जुने शहर जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त झाले. बाजार पुन्हा सुरू झाला तो १९४८ साली. आज आपण ज्या गल्ल्यांतून चालतो, त्यांतल्या बऱ्याच इमारती युद्धानंतर जुन्या धाटणीने उभारलेल्या आहेत, हे आई-बाबांना आधी सांगून ठेवावे. मग त्या भिंतींकडे पाहण्याची त्यांची नजर बदलते.

हाउप्टमार्क्ट या मुख्य चौकात सुमारे १८० दुकाने असतात आणि सर्वांच्या छतांना लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे कापड असते. दुकानांची मांडणी आणि सजावट यांवर नगरपालिकेचे बारीक लक्ष असते. त्यामुळे प्लास्टिकच्या माळा आणि कर्ण्यावरची गाणी यांचा त्रास इथे होत नाही. गाणी ऐकू येतात ती चर्चसमोरच्या मंचावर प्रत्यक्ष गाणाऱ्या मुलांची किंवा वाद्यवृंदाची.

बाजाराचे उद्घाटन ‘क्रिस्टकिंड’ करते. दर दोन वर्षांनी शहरातल्या १६ ते १९ वयाच्या मुलींमधून एकीची या मानासाठी निवड होते. सोनेरी कुरळे केस, उंच मुकुट आणि सोनेरी-पांढरा पायघोळ पोशाख अशा वेषात ती फ्राउएनकिर्शे या चर्चच्या सज्जातून संध्याकाळी साडेपाचला उद्घाटनाचे पद्य म्हणते. २०१९ मध्ये निवडल्या गेलेल्या बेनिग्ना मुन्सी हिचे वडील मूळचे भारतीय. तिच्या निवडीवर एका राजकीय पक्षाच्या स्थानिक शाखेने वर्णद्वेषी शेरा मारला, तेव्हा सारे शहर तिच्या पाठीशी उभे राहिले. माझ्या आईला या बाजारातली सर्वांत आवडलेली गोष्ट हीच आहे. घरी आलेल्या प्रत्येकाला ती ही हकिकत सांगते.

दिवस कोणता निवडावा

नाताळच्या आधीचे चार रविवार ‘आडव्हेंट’चे मानले जातात आणि त्यांतल्या पहिल्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी हा बाजार उघडतो. म्हणजे सुरुवातीची तारीख दरवर्षी बदलते आणि ती नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या अगदी आरंभी येते. शेवटचा दिवस मात्र ठरलेला, २४ डिसेंबर. त्या दिवशी बाजार दुपारी दोनला बंद होतो. एरवी तो सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत चालू असतो. जर्मनीत नाताळ २४ तारखेच्या संध्याकाळी घरात साजरा होतो आणि २५ व २६ या दोन्ही दिवशी सुट्टी असते. आपल्याकडच्या सवयीने २५ तारखेचा बेत आखणाऱ्यांना चौकात आवराआवर झालेली दिसेल.

उद्घाटनाचा शुक्रवार आणि सगळे शनिवार-रविवार टाळावेत. पहिल्या दोन आठवड्यांतला मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार सर्वांत चांगला, कारण चौकात हातपाय हलवायला जागा असते आणि संग्रहालयेही उघडी असतात. सोमवारी त्यांतली काही बंद असतात. डिसेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी बहुधा शाळकरी मुलांची कंदिलांची मिरवणूक निघते. हजारावर मुले स्वतः बनवलेले कागदी कंदील घेऊन चौकापासून किल्ल्याच्या दिशेने चालत जातात. हे दृश्य सुंदर असते. पण त्या संध्याकाळी गर्दी वाढते आणि परतायला उशीर होतो, हे धरूनच तो दिवस घ्यावा. त्या वर्षाची नेमकी तारीख बाजाराच्या अधिकृत कार्यक्रमपत्रिकेत पाहून घ्यावी.

गुरुवार निवडताना आपल्या घरांसाठी आणखी एक विचार करावा लागतो. आडव्हेंटचा काळ आणि आपला मार्गशीर्ष पुष्कळदा एकमेकांवर येतात. आई मार्गशीर्षातले गुरुवार करत असेल, तर तिचा उपवास संध्याकाळच्या पूजेनंतर सुटतो आणि पूजेच्या वेळी तर आपण चौकात असतो. अशा वेळी बुधवार घ्यावा, हे उत्तम. गुरुवारच घ्यायचा असेल, तर पूजा सकाळी लवकर करून निघावे आणि उपवासाचे खाणे बरोबर ठेवावे.

महाराष्ट्रातून किंवा गोव्यातून मुद्दाम डिसेंबरात येणाऱ्या आई-बाबांचा शेंगेन व्हिसा प्रवासाच्या सहा महिने आधीपासून मागता येतो. त्यासाठी किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासविमा लागतो. दिवाळीच्या गडबडीत हे काम मागे पडते. म्हणून अर्जाची वेळ गणपतीच्या आसपासच घेऊन ठेवावी.

तिकीट: दोन मार्ग

म्युनिकहून न्युरेंबर्गला जाण्याचे दोन सरळ मार्ग आहेत. आयसीई ही जलद गाडी साधारण सव्वा तासात पोचवते, तर आरई-१ ही प्रादेशिक गाडी पावणेदोन तासांच्या आसपास वेळ घेते. इंगोलश्टाट ते न्युरेंबर्ग हा २००६ साली सुरू झालेला वेगवान मार्ग दोन्ही गाड्या वापरतात, त्यामुळे प्रादेशिक गाडीही फारशी रेंगाळत नाही. तिकिटावर आणि फलकांवर शहराचे नाव न्यूर्नबेर्ग असे वाचायला मिळेल. स्टेशन मुख्य, म्हणजे हाउप्टबानहोफचेच धरावे.

चार-पाच जणांच्या कुटुंबाला ‘बायर्न-टिकेट’ सर्वांत स्वस्त पडते. एका तिकिटावर जास्तीत जास्त पाच जण बायर्न राज्यातल्या सर्व प्रादेशिक गाड्यांतून दिवसभर फिरू शकतात. पहिल्या प्रवाशाची रक्कम मोठी असते आणि पुढच्या प्रत्येकासाठी थोडीशी भर पडते. म्युनिकमधली आणि न्युरेंबर्गमधली भुयारी रेल्वे, ट्राम, बस हे सर्व त्यात येते. सोमवार ते शुक्रवार हे तिकीट सकाळी नऊपासून दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत चालते. शनिवारी, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मध्यरात्रीपासूनच चालू होते. नऊच्या आत सुटणाऱ्या गाडीत या तिकिटावर बसू नये, पाच मिनिटांचा फरक असला तरीही. तपासनीस आला तर दंड भरावा लागतो. घरापासून स्टेशनपर्यंत नऊच्या आधी यायचे असेल, तर शहरापुरते तिकीट वेगळे काढावे. या तिकिटावर प्रवाशांची नावे लिहावी लागतात आणि ओळखपत्र मागितले जाऊ शकते, म्हणून आई-बाबांचे पासपोर्ट बरोबर असावेत. आयसीईत हे तिकीट चालत नाही. ज्यांच्याकडे दर महिन्याचे डॉइचलांड-टिकेट आहे, त्यांना प्रादेशिक गाडीसाठी वेगळे काही काढावे लागत नाही. फक्त पाहुण्यांचे तिकीट काढावे.

आई-बाबांपैकी कोणाचे गुडघे दुखत असतील, तर मी आयसीईची बाजू घेईन. प्रादेशिक गाडीत जागा राखून ठेवता येत नाही आणि डिसेंबरात ती भरून जाते. आयसीईचे सवलतीचे तिकीट काही आठवडे आधी काढले तर पुष्कळ स्वस्त मिळते, आणि थोडे जास्त पैसे देऊन आसन राखता येते. सवलतीचे तिकीट ठरावीक गाडीलाच लागू असते. मात्र पोचायला २० मिनिटांहून अधिक उशीर होणार असे दिसले, तर ते बंधन सुटते आणि दुसरी गाडी धरता येते. जाताना प्रादेशिक आणि येताना आयसीई, अशी विभागणीही चांगली, कारण दमलेल्या पायांना जागेची खात्री परतीच्या वेळी हवी असते.

कपडे आणि पिशवी

डिसेंबरात न्युरेंबर्गला दिवसाचे तापमान साधारण तीन-चार अंश असते आणि रात्री ते शून्याखाली जाते. बर्फ दर वेळी पडेलच असे नाही. ओलसर, राखाडी थंडी मात्र हमखास असते. अंगालगत सुती बनियन घालू नये, कारण घामाने ते ओले राहते आणि थंड पडते. अंगालगत थर्मल, त्यावर लोकरीचा स्वेटर आणि सर्वांत वर वारा अडवणारा, मांड्या झाकणारा कोट असे तीन थर पुरतात. साडी नेसायचीच असेल, तर आत लोकरीची जाड लेगिंग घालावी आणि साडी घोट्याच्या थोडी वर नेसावी. ओल्या फरशीवर साडीचा काठ भिजला, की दिवसभर पायाला गारवा लागत राहतो. बाबांची माकडटोपी निःसंकोच बरोबर घ्यावी. कान आणि मान इतक्या नीट झाकणारी दुसरी वस्तू मला इथल्या दुकानांत सापडलेली नाही.

सर्वांत जास्त लक्ष पायांकडे द्यावे. चौकात दगडी फरसबंदी आहे आणि थंडी खालून, तळव्यातून चढते. बूट जाड तळव्याचा आणि लोकरीच्या मोज्यांसह बोटे हलवता येतील इतका सैल असावा. दोन-दोन मोजे चढवून घट्ट बूट घातला, तर रक्त खेळत नाही आणि पाय अधिकच गार पडतात. बुटाच्या आत लोकरीचा किंवा फेल्टचा सुटा तळवा घालणे हा मला सापडलेला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी उपाय आहे.

पिशवी लहान, पुढे धरता येईल अशी असावी. गर्दीत पाकीट मारले जाते. चौकाच्या तोंडाशी सुरक्षा अडथळे असतात आणि पोलीस पिशव्या तपासू शकतात. फळे कापायला आपण सवयीने ठेवतो ती छोटी सुरी घरीच ठेवावी. जर्मनीत असल्या सार्वजनिक उत्सवांच्या जागी चाकू बाळगण्यास कायद्याने बंदी आहे. पाण्याचा थर्मास, रोजची औषधे, विम्याची माहिती आणि फोनसाठी पॉवर बँक ठेवावी, कारण थंडीत फोनची बॅटरी लवकर उतरते. सगळ्या दुकानांत कार्ड चालत नाही; म्हणून माणशी चाळीस-पन्नास युरो लहान नोटांत आणि स्वच्छतागृहासाठी काही नाणी वेगळी ठेवावीत. शेवटची वस्तू म्हणजे स्टीलचा एक रिकामा डबा. त्याचे काम पुढे येईल.

स्टेशनपासून चौकापर्यंत

नऊनंतरची प्रादेशिक गाडी धरली, की साधारण अकराच्या सुमारास न्युरेंबर्गला उतरता येते. स्वच्छतागृह स्टेशनवरच उरकून घ्यावे. जड सामान असेल तर ते तिथल्या लॉकरमध्ये ठेवावे. मग क्यॉनिगस्टोरच्या दिशेने बाहेर पडावे. समोर जाडजूड गोल बुरूज दिसतो; त्याच्या पायथ्याशी हांडवेर्करहोफ हे कारागिरांचे छोटेसे आवार आहे. तिथून क्यॉनिगश्ट्रासे हा पायी चालण्याचा रस्ता सरळ उतरत जातो. वाटेत लोरेन्झ चर्च लागते. पुढे पेग्निट्झ नदीवरच्या पुलावर थांबून उजवीकडे पाहिले, की पाण्यावर कमानी टाकून उभारलेले जुने हायलिग-गाइस्ट इस्पितळ दिसते. शहरातला सर्वांत देखणा फोटो इथे मिळतो. पूल ओलांडला, की दोन मिनिटांत चौक. हे सारे अंतर सुमारे एक किलोमीटरचे आहे. ज्यांना इतके चालणे नको, त्यांनी यू-१ ही भुयारी रेल्वे धरून एकच स्थानक पुढे, लोरेन्झकिर्शेला उतरावे.

चौकात पावणेबारापर्यंत पोचावे आणि फ्राउएनकिर्शेकडे तोंड करून उभे राहावे. बारा वाजता चर्चच्या दर्शनी भागावरचे घड्याळ वाजते आणि सम्राट चौथ्या कार्लच्या बसलेल्या मूर्तीभोवती सात राजनिर्वाचक फेऱ्या मारतात. सम्राट कोणी निवडायचा हे ठरवणाऱ्या १३५६ च्या ‘सुवर्ण फर्माना’ची ही आठवण आहे. याच सम्राटाच्या परवानगीने १३४९ मध्ये या जागेवरची ज्यू वस्ती उठवली गेली, शेकडो ज्यूंना मारण्यात आले आणि सिनेगॉगच्या जागी हे चर्च उभे राहिले. चौकात उभे असताना हेही माहीत असावे.

चुकामूक होऊ नये म्हणून चौकात शिरण्यापूर्वीच भेटण्याची जागा ठरवावी. ‘श्योनर ब्रुनन’ हा सुमारे १९ मीटर उंच सोनेरी कारंजाचा मनोरा सगळ्यांच्या नजरेत भरतो खरा. पण त्याच्या जाळीतले फिरते कडे फिरवून मनातली इच्छा बोलणाऱ्यांची तिथे झुंबड असते, म्हणून ती जागा भेटीला वाईट. त्यापेक्षा चौकाच्या वरच्या बाजूचे सेबाल्ड चर्चचे दार सांगावे. तिथे उभे राहायला जागाही असते आणि वाराही कमी लागतो.

काय खावे, काय विचारून खावे

मांसाहार करणाऱ्यांसाठी इथला मान न्युरेंबर्गच्या छोट्या सॉसेजला. ते सात ते नऊ सेंटिमीटर लांब, आपल्या करंगळीएवढे असते, त्यात मार्जोरम या वनस्पतीचा वास असतो आणि ते डुकराच्या मांसाचे असते. ‘द्राय इम वेग्ला’ म्हणावे; म्हणजे पावात तीन. आपल्या हापूसला जसे भौगोलिक मानांकन आहे, तसे या सॉसेजला २००३ पासून युरोपीय संघाचे आहे, आणि ते शहराच्या हद्दीतच बनवावे लागते.

शाकाहारी माणसांचे हाल होत नाहीत, पण विचारल्याशिवाय काही घेऊ नये. कार्टोफेलपुफर म्हणजे किसलेल्या बटाट्याचे कुरकुरीत धिरडे, बरोबर सफरचंदाचा गोड गर. ते पाहून आईने पटकन ‘हे उपवासाला चालेल’ असे म्हटले होते. पण त्यात बहुधा अंडे आणि मैदा असतो. फ्लामकुखनवर डुकराच्या मांसाचे तुकडे असण्याची शक्यता मोठी. चीज घातलेले केझश्पेट्सले शाकाहारी असले, तरी त्यातल्या शेवयांत अंडे असते. ‘ओने फ्लाइश?’ म्हणजे मांसाशिवाय का, आणि ‘ओने आय?’ म्हणजे अंड्याशिवाय का, एवढे दोन प्रश्न पाठ असावेत. निर्धास्तपणे घेता येतात त्या दोन गोष्टी: निखाऱ्यावर भाजलेले चेस्टनट, ज्यांना ‘मारोनी’ म्हणतात, आणि साखरेत परतलेले गरम बदाम. चेस्टनटची चव रताळ्याच्या जवळची असते आणि कागदी पुडी हातात धरली, की बोटांनाही ऊब मिळते. उपवासाच्या गुरुवारी आईचे दुपारचे खाणे या दोहोंवर आणि घरून नेलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांवर निभावले.

गरम मसालेदार वाइन, म्हणजे ग्लूवाइन, चिनीमातीच्या मगात मिळते. इथली खासियत ब्लूबेरीची ग्लूवाइन. मगासाठी अनामत घेतात, तिला ‘फांड’ म्हणतात. मग परत केला, की पैसे परत मिळतात, आणि ठेवून घेतला तर तोच आठवणीची वस्तू होतो. मगावरचे चित्र दरवर्षी नवे असते. मद्य न घेणाऱ्यांनी ‘किंडरपुन्श’ मागावे. फळांच्या रसात दालचिनी-लवंग घालून उकळलेले हे पेय आई-बाबांना फार आवडते. ग्लूवाइनने ऊब आल्यासारखे वाटते, पण मद्यामुळे अंगातली उष्णता लवकर निघून जाते. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी किंडरपुन्शच घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

लेबकुखनबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. हा मसाल्याचा मऊ केक न्युरेंबर्गची ओळख आहे. शहराभोवतीच्या राइशवाल्ड या जंगलातून मध मिळत असे आणि व्यापारी मार्गांवरचे शहर असल्यामुळे मसाले येत. १५०५ मध्ये पोर्तुगालहून भारताकडे निघालेल्या फ्रान्सिस्को द आल्मैदाच्या ताफ्यात न्युरेंबर्गच्या इम्होफ आणि हिर्शफोगेल या व्यापारी घराण्यांचाही पैसा गुंतलेला होता. हाच ताफा आज गोव्यात मोडणाऱ्या, कारवारजवळच्या अंजदीव बेटावर येऊन थांबला आणि तिथे किल्ला उभा राहिला. लेबकुखनचा तुकडा तोडून नाकाशी धरला, की आधी लवंग येते, मग दालचिनी, मागून वेलदोडा आणि जायफळ. बाबांनी पहिल्यांदा तो हुंगला तेव्हा डोळे मिटून ते इतकेच म्हणाले, ‘‘अगं, हा तर तुझ्या आजीचा मसाल्याचा डबा.’’

घेताना पुड्यावर ‘एलिझेनलेबकुखन’ हे नाव पाहावे. या सर्वोत्तम प्रकारात बदाम, हेझलनट किंवा अक्रोड यांचे प्रमाण किमान २५ टक्के असावे लागते आणि पीठ १० टक्क्यांहून अधिक चालत नाही. खाली कागदासारखी पांढरी चकती चिकटलेली असते; ती ‘ओब्लाटे’, म्हणजे पिठाचाच पातळ पापुद्रा, आणि ती खायची असते. माझ्या आईने पहिला लेबकुखन खाताना ती कागद समजून नखाने सोलून काढली होती. यात अंडे असते, त्यामुळे अंडे न खाणाऱ्यांसाठी व्हेगन लिहिलेला पुडा शोधावा.

दुपारचे दोन तास उबेत

दीड-दोनच्या सुमारास, पाय गार पडण्याच्या आधी, चौक सोडावा. थंडी वाजू लागल्यावर आसरा शोधायचा म्हटले, की जवळच्या प्रत्येक कॅफेत रांग लागलेली असते. जेवायचे असेल तर टेबल काही दिवस आधी राखून ठेवावे. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी स्टेशनच्या बाजूला असलेले जर्मानिशेस नात्सिओनालम्युझियम गाठावे. मार्टिन बेहाइमचा १४९२ च्या सुमाराचा पृथ्वीगोल तिथे आहे. आज टिकून असलेल्या पृथ्वीगोलांत तो सर्वांत जुना मानला जातो आणि अमेरिका खंड त्यावर अजून नाही. नातवंडे बरोबर असतील, तर चौकापासून पाच मिनिटांवरचे खेळण्यांचे संग्रहालय बरे. काहीच नको असेल, तर लोरेन्झ चर्चमध्ये शांत बसावे आणि छतापासून लटकणारे फाइट श्टोसचे लाकडी शिल्प पाहावे. प्रार्थना चालू असेल तर अर्थातच बाहेर थांबावे.

किल्ल्यावर जाण्याचा मोह मी आई-बाबांसोबत आवरते. चढ उभा आहे आणि ओल्या दगडांवर पाय सरकतो. तरुण मंडळींनी मात्र वर जाऊन गच्चीवरून लाल छपरांचे शहर पाहून यावे.

दिवेलागणी आणि खरेदी

चारला पुन्हा चौकात यावे. आकाश निळे-काळे होत जाते, कापडी छतांखालचे पिवळे दिवे उजळतात आणि फ्राउएनकिर्शेचा दर्शनी भाग उजेडात येतो. हा अर्धा तास खरेदीत घालवू नये. चौकाच्या कडेला, चर्च समोर दिसेल असे उभे राहून तो पाहावा.

त्यानंतर खरेदी. ‘त्स्वेचगेनमेनले’ म्हणजे सुक्या आलुबुखाऱ्यांचे हातपाय आणि अक्रोडाचे डोके असलेले बाहुले. कोणी शेतकरी, कोणी डॉक्टर, कोणी सनई वाजवणारा वाटावा असा वादक. घरी कोरड्या जागी ते वर्षानुवर्षे टिकते. दुसरा ‘राउशगोल्ड’चा देवदूत, पितळेच्या अतिशय पातळ पत्र्याचा, हात लावला की सळसळणारा, झाडाच्या टोकाला लावायचा. काचेचे रंगीत गोळे घेतले, तर ते मोज्यात गुंडाळून त्या स्टीलच्या डब्यात ठेवावेत. आमचे सगळे गोळे पुण्यापर्यंत अखंड पोचले ते याच डब्यामुळे. पाण्याने भरलेला, हलवल्यावर बर्फ पडणारा काचगोळा घेतलात, तर तो विमानात हातातल्या सामानात ठेवू नये. त्यातले पाणी द्रवपदार्थांच्या मर्यादेत मोजले जाते.

मुले असतील तर शेजारच्या हान्स-साक्स-प्लाट्झवरच्या मुलांच्या बाजारात दुमजली जुने चक्र आणि छोटी आगगाडी आहे. जवळच भगिनी-शहरांचा बाजारही भरतो आणि तिथे निरनिराळ्या देशांच्या वस्तू मिळतात.

परतीचा प्रवास

साडेसहाला चौक सोडावा. गर्दी तेव्हाच सर्वांत वाढते, आणि त्यानंतरचा प्रत्येक तास थंडीने अंगावर येतो. निघताना सर्व मग परत केले आहेत ना, टोप्या-हातमोजे जागेवर आहेत ना, हे पाहावे. प्रादेशिक गाडीसाठी फलाटावर पंधरा मिनिटे आधी उभे राहावे आणि जिन्यापासून दूरच्या टोकाला जावे. मधल्या डब्यांत सगळे घुसतात, टोकाच्या डब्यांत जागा मिळते. गाडी रद्द झाली किंवा उशिराने धावत असली, तर त्याच तिकिटावर पुढची कोणती गाडी चालेल, हे आधीच फोनवर पाहून ठेवावे.

घरी आल्यावर बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरून ते हीटरपासून थोडे दूर ठेवावेत. आई-बाबांना पायांसाठी कोमट पाणी द्यावे; एकदम कढत देऊ नये, गारठलेल्या कातडीला उष्णतेचा अंदाज येत नाही. लेबकुखन पत्र्याच्या डब्यात घालून त्यात सफरचंदाची एक फोड ठेवावी आणि ती दोन-तीन दिवसांनी बदलावी. त्याने ते मऊ राहतात, आणि आई-बाबा परत निघेपर्यंत रोजच्या चहाबरोबर एकेक पुरतो.